धुराड्यापर्यंत

...मधला ठिपका तेवढा गायब आहे. चौकटी आहेत, आडव्याउभ्या रेघा आहेत, पोस्टकार्डाएवढ्या त्या पुठ्ठ्याची हाताळून मळलेली कडासुद्धा आहे, पण ज्या ठिपक्याकडे बघा म्हणून हा पुठ्ठा छापलाय तोच जागेवर नाही — आणि आसपासच्या रेघा, ताणलेल्या चादरीत कुणी मधोमध बोट रोवावं तशा, आत ओढल्या गेलेल्या. तिनं डावा डोळा झाकला, मग उजवा. मग उठून ट्यूबलाइट लावली. उजेडात ठिपका परत आला, फिकट, कामावर उशिरा आलेल्या माणसासारखा अंग चोरत. रेघा मात्र वाकड्याच राहिल्या.

चष्म्याच्या दुकानाचं शटर अजून अर्धंच वर होतं. हा पुठ्ठा गेली सव्वीस वर्षं ती लोकांच्या पुढ्यात धरत आलीय. ठिपक्याकडे बघा, रेघा सरळ आहेत का, कुठे भोक पडल्यासारखं वाटतं का... आणि कुणी चाचरत 'जराशा वाकड्या' म्हणालं की नंबर काढायचं तिथेच थांबवून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिटाळायचं. आजच जा, उद्यावर टाकू नका, हा चष्म्याचा विषय नाही. एका म्हाताऱ्या बाईंना तर तिनं हाताला धरून टॅक्सीत बसवलं होतं. आणि स्वतःचे चार महिने झाले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इतका शब्दशः असेल असं कुणाला वाटलं होतं!

पण आज ठरलंय. संध्याकाळी सात वाजून चौदा मिनिटांनी दादाला खरं सांगायचं. दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. एवढंसं वाक्य, आणि पहाटेपासून ती ते मनात घोळवतेय — दात घासताना, डबा भरताना, कुलूप उघडताना. वाक्य अजून मऊ झालेलं नाही.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दोनशे किलोमीटर पश्चिमेला, बंदराच्या शहरात एकटा राहतो. चौतीस वर्षं त्यानं भरती-ओहोटीची कोष्टकं केली; त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवून जहाजं आत आली आणि बाहेर गेली. आता निवृत्त झाल्यावर तो उपग्रहांची कोष्टकं करतो. दर रविवारी एक कागद, त्याच्या मुंगीएवढ्या अक्षरात, त्याचा फोटो तिला येतो. कोणता, किती वाजता, कुठून निघणार, किती उंच जाणार.

हे वेड दोघांना वडिलांनी लावलं. वडील विजेच्या खांबांवर चढायचे. दिवसभर वर बघायची सवय असलेला माणूस संध्याकाळी तरी खाली कशाला बघेल? त्यांनी आभाळाची वाटणी करून ठेवली होती. तारे म्हणजे घरमालक, जागचे हलत नाहीत आणि सारखे डोळे मिचकावत असतात. ग्रह म्हणजे बिऱ्हाडकरू. आज या घरात, सहा महिन्यांनी सामान उचलून शेजारच्या घरात, आणि डोळे मिचकावायची ऐट त्यांना परवडत नाही. आणि उपग्रह म्हणजे फिरस्ते, आले न आले तोच गेले. ती तेव्हा सात वर्षांची होती, दादा बारा. फिरस्ता आधी तिला दिसायचा. दादा चिडायचा, म्हणायचा, धाकटीला डोळे जास्तीचे दिलेत.

जास्तीचे...

वहिनी गेली तेव्हा दादा सात महिने घराबाहेर पडला नाही. दूध दारात, भाजी दारात, फोन उचलला तर उचलला. 'जेवलास का' विचारलं की 'हो', 'काय जेवलास' विचारलं की गप्प. मग एक दिवस तिला युक्ती सुचली. तिच्या गच्चीच्या पश्चिमेला पाण्याची मोठी टाकी आहे. ती म्हणाली, दादा, या टाकीमुळे मला फिरस्ता अर्ध्यावर आल्याशिवाय दिसत नाही बघ, तू जरा तुझ्या गच्चीवर जाऊन निघाला की सांगशील का? दादा कुरकुरत वर गेला. त्याच्या गच्चीच्या पूर्वेला धान्याची उंच कोठारं. तिथे फिरस्ता अर्ध्यावर आला की त्याला दिसायचा बंद होतो. म्हणजे निघाल्यापासूनचा अर्धा त्याचा, पुढचा अर्धा हिचा. दोघं फोन कानाला लावून उभे राहायचे. कोठारामागे जाताना दादा म्हणायचा, 'दिला.' टाकीच्या वर निघाला की ती म्हणायची, 'घेतला.' आणि मग पूर्वेला बंद गिरणीच्या धुराड्यापर्यंत तो कसाकसा गेला ते ती सांगायची आणि दादा ऐकायचा. आठवड्यातून तीन-चार वेळा. दादा दाढी करायला लागला. मग बाजारात जायला लागला. मग एकदा त्यानं आपणहून सांगितलं की आज वांगी आणली, करपली. त्या टाकीला तिनं मनातल्या मनात नमस्कार केला होता.

आणि मग चार महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ. दादा म्हणाला 'दिला' आणि टाकीच्या वर काहीच निघालं नाही. तिला वाटलं ढग. ढग नव्हते. नजर जरा बाजूला गेली तर कडेला सुईच्या टोकाएवढं काहीतरी हललं, त्याच्याकडे बघितलं तर नाही... पुन्हा कडेला काहीतरी, पुन्हा नाही. आणि कानात दादा, आपलं मूल दुसऱ्याच्या हातात देताना माणूस थांबतो तसा थांबलेला. ती म्हणाली, 'घेतला.' दादानं श्वास सोडला.

त्यानंतर सोपं झालं, हीच तर वाईट गोष्ट. रस्ता पाठ होता, कोणत्या घरमालकाच्या अंगणातून कधी जाणार तेही पाठ होतं. पाठ असलेलं सांगायला डोळे कशाला लागतात? गेल्या बुधवारी तर तिनं कमालच केली. गेला, गेला, धुराड्यापर्यंत गेला, धुराड्याच्या टोकावर टेकला आणि मग मावळला, असं अगदी रंगवून सांगितलं. दादानं विचारलं, 'धुराड्यापर्यंत?' 'हो.' 'बरं.' फोन ठेवल्यावर तिनं कोष्टकाचा फोटो मोठा करून पाहिला — शेवटचा बारीक रकाना, जो ती हल्ली वाचायचं टाळायची. सावली: सात एकतीस. फिरस्त्याला स्वतःचा उजेड कुठला, तो उन्हात असतो तोवर दिसतो; पृथ्वीच्या सावलीत शिरला की भर आभाळात विझतो. तो त्या दिवशी तिच्या डोक्यावरच विझणार होता, दादानं 'दिला' म्हटल्यावर चाळीस सेकंदांत. धुराड्यापर्यंत तो जगातल्या कुठल्याच डोळ्यांना दिसला नसता. खोट्याच्या कपाळी गोटा, आणि तो गोटा गेले आठ दिवस वर नुसता टांगलेला होता. कारण दादा काहीच बोलला नव्हता. चौतीस वर्षांत ज्याचं मिनिट चुकलं नाही त्याच्या हे लक्षात आलं नाही? की लक्षात आलं आणि त्यानं कीव करून सोडून दिलं? यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येत नव्हतं.

अकराच्या सुमाराला क्रेनवाला आला. दरवर्षी येतो, बांधकामाच्या कंपनीला डोळे तपासल्याची चिठ्ठी लागते. खुर्चीत बसला, एक डोळा झाकला आणि तक्त्यावरच्या खालच्या ओळी धडाधड म्हणून मोकळा झाला. शाळेत कविता म्हणतात त्या चालीत. तिनं तक्ता काढला, मागच्या बाजूचा लावला.

"पाठ केलेलं नको," ती म्हणाली. "दिसतंय तेवढं सांगा."

तो समोरच्या आरशातल्या तक्त्याकडे डोळे बारीक करून बघू लागला. मग हळूच वरच्या तीन ओळी सांगितल्या आणि थांबला.

"मॅडम, नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. तेवढी निघाली असती."

"खाली माणसं असतात हो तुमच्या."

"असतात ना," तो म्हणाला. "म्हणून तर झोप लागत नाही."

तिनं जे दिसलं तेच लिहिलं. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला की तुम्ही बऱ्या, तुमच्या डोळ्यांत तेल घातलेलं असतं. त्याला टोमणा मारायचा नव्हता, पण तिच्या हातातला स्क्रू टेबलाखाली पडला. तो शोधायला ती खाली वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलीच राहिली. तुमचा डोळा गेला तर खाली माणसं, माझा गेला तर खाली कोण? नंबर चुकेल कुणाचा तरी. एखादीचं जिन्यावर पाऊल चुकेल. आणि दादा...

दुपारी छोटे मालक नवीन मशीनचं पत्रक घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ती इथे आहे, म्हणून ते तिला मावशी म्हणतात आणि तिच्यासमोर सिगारेट लपवतात. "मावशी, डोळ्याच्या आतला फोटो काढतं हे. पुढच्या महिन्यात येतंय. पहिला फोटो तुमचाच काढू!" ते केवढे खुशीत होते. ती हसली. हसू चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं किती वेळ राहिलं कोण जाणे. तिला ते आत बेसिनशी हात धुताना आरशात सापडलं. पुढच्या महिन्यात काय, उद्याच जायचं डॉक्टरकडे. पण आधी दादा. हा क्रम का, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डॉक्टर सांगेल ते डोळ्यांबद्दल. दादाला सांगायचं ते माझ्याबद्दल.

घरी आली तर नवरा स्वयंपाकघरात चहा पीत उभा. तो बेकरीत भट्टीवर असतो. पहाटे तीनला उठणार, म्हणून संध्याकाळी सातला अंथरुणात. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, त्यांतल्या जागेपणी एकत्र घालवलेल्या तासांची बेरीज केली तर सहा-सात वर्षं तरी भरतील का, असं तो कधीकधी गमतीनं म्हणतो.

"आज आहे का तुमचं देणंघेणं?" त्यानं विचारलं.

"आहे. सात चौदा."

"वरून जोरात बोलू नकोस. गच्चीतलं सगळं खाली ऐकू येतं." मग कप विसळता विसळता, पाठमोराच, "अगं, तू हल्ली जिन्याचा दिवा लावून वर जातेस."

ती थबकली. तो वळला नाही. त्याला एवढंच म्हणायचं होतं की आणखी काही, ते त्याच्या पाठीवरून कळेना. "पायऱ्या झिजल्यात," ती म्हणाली, आणि आज एवढंच शेवटचं, असं स्वतःशी म्हणत दिवा लावून वर गेली.

गच्चीवर उजेड अजून पुरता गेला नव्हता. टाकीच्या डावीकडे, जिथे गेले दोन महिने शुक्र बिऱ्हाड करून आहे, तिथे तिनं बघितलं आणि लगेच स्वतःला हटकलं: आहे म्हणून बघतेयस, की दिसतोय म्हणून? सरळ बघितलं तर नुसतं फिकट, निळसर काहीतरी. नजर सरकवली आणि तो कडेला लख्ख उभा राहिला. चार महिने ती हेच करत आलीय, सरळ बघायचं म्हणून नाहीच, सगळं कडेकडेनं, रस्त्यात नको असलेला माणूस दिसला की आपण दुकानांच्या पाट्या वाचत जातो तसं.

फोन वाजला. दादा नेहमी दोन मिनिटं आधी करतो.

"वर आलीस?"

"आले."

"निघाला. वायव्येकडून. आज छान आहे गं, चांगला टपोरा आहे." दादाच्या आवाजात ऊब होती. त्यानं आज काय खाल्लं ते सांगितलं, शेजारच्यांचं मांजर कसं व्यालं ते सांगितलं, आणि मधेच, 'आता घरमालकाच्या दारावरून... आता पुढे...' असं चाललं होतं. हा आवाज आपण आता मोडणार. खरं बोलायचं म्हणजे हेच का, एका माणसाला पुन्हा खाली घरात पाठवून देणं? मांजर, पिल्लं, वांगी, सगळं पुन्हा दारात येऊन पडेल... 'घेतला' हा शब्द तोंडात तयार होता, चार महिने वापरून गुळगुळीत झालेला, नुसतं तोंड उघडलं की बाहेर पडेल असा. तिनं दात आवळले.

"कोठाराशी आला," दादा म्हणाला. "आला... आला... दिला."

तिनं टाकीच्या वर बघितलं. सरळ बघितलं, डोळे मोठे करून बघितलं, पापणी न हलवता बघितलं, आणि जिथे बघितलं तिथे आभाळ होतं, स्वच्छ, काठोकाठ, आणि त्यात कुणीही चालत नव्हतं. उजव्या कडेला काहीतरी हललं. वटवाघूळ असेल. तो असेल. तिला नक्की माहीत नव्हतं, आणि नक्की माहीत नसलेलं आज चालणार नव्हतं.

"धाकटे? दिला म्हटलं."

"घेतला नाही."

"टाकीच्या वर बघ की. डाव्या अंगाला."

"बघतेय."

"ढग आहेत का?"

"ढग नाहीत. आभाळ स्वच्छ आहे. मला दिसत नाहीये, दादा. मधलं दिसतच नाही. चार महिने झाले."

वरून तो आता जात असेल, नेमका डोक्यावरून, आणि तिकडे कोठार आडवं, इकडे मी अशी. आत्ता त्याच्याकडे बघणारं आमच्यातलं कुणीच नाही.

"आणि धुराडं?" दादानं विचारलं.

"धुराडं खोटं होतं."

"खोटं."

"हो."

"आठ दिवस," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच चढला. "आठ दिवस मी ते कोष्टक मांडतोय आणि पुसतोय! सावलीची वेळ दर वेळी तीच येते. म्हटलं माझंच चुकतंय. म्हटलं झालं, आता आपलं डोकं चाललं. उद्या डॉक्टरकडे जायचं होतं मला, डोकं तपासायला. चुलत पुतण्याला सुट्टी काढायला लावलीय!"

"अरे, मग मला विचारायचंस —"

"काय विचारायचं? तू डोळ्यांनी बघितलं म्हणालीस. तुझ्या डोळ्यांपुढे माझं कोष्टक काय बोलणार? लहानपणापासून कधी बोललंय?" त्याला धाप लागली होती. "चार महिने मी देत होतो तो कुणाला गं?"

लाज वाटली, कानाच्या पाळ्यांपर्यंत वाटली. इतके दिवस ती समजत होती की आपण दादाला सांभाळतोय. त्याला काही कळू नये म्हणून एवढा आटापिटा, आणि त्या आटापिट्यानं त्याचा स्वतःच्या डोक्यावरचा, चौतीस वर्षं बंदरानं ठेवला तो भरवसा उडवला होता. तिला वाटलं होतं सांगितलं की तो मोडेल. तो मोडलेला नव्हता. तो रागावला होता, बारा वर्षांचा असताना रागवायचा तसा, खणखणीत. त्या रागाला ती चिकटून उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझं कोष्टक बरोबर होतं. आजचंही बरोबर आहे."

दादा फोन ठेवेल, असं तिला वाटलं. ठेवला तरी मी शुक्रवारी वर येणार, तिनं ठरवून टाकलं, आणि रविवारीही. तो येवो न येवो.

"डॉक्टर?" शेवटी तो म्हणाला.

"उद्या सकाळी. पहिल्या नंबरला."

"केवढं आहे ते?"

"काय केवढं?"

"दिसत नाही म्हणतेस ती जागा. केवढी आहे? डॉक्टर विचारेल. काहीतरी माप हवं ना." आवाजातला राग तसाच होता, पण त्याच्या मागून कागद ओढल्याची सळसळ आली. "दक्षिणेला गुरू आहे बघ. त्याच्याकडे सरळ बघ."

"बघते... गेला."

"गेला तर जाऊ दे. आता नजर डावीकडे सरकव, हळू. परत निघाला की थांब, हात लांब कर आणि तिथून गुरूपर्यंत किती बोटं ते मोज. करंगळी म्हणजे एक अंश."

तिनं हात लांब केला. चार महिने जिथून ती नजर काढून घेत होती तिथेच आता मुद्दाम ठेवायची होती, आणि ते सोपं नव्हतं, डोळे आपसूक कडेला पळत होते. तिनं त्यांना परत आणलं. पळाले, परत आणलं. तिथे काळंबिळं काही नव्हतं, भोक म्हणावं असंही नव्हतं. आभाळच होतं, आभाळाच्या रंगाचं, नुसतं आत कुणी नसलेलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठं होतं. तरी हात खाली आला नाही.

"किती?" दादानं विचारलं. "दोन बोटं?"

"मधे बोलू नकोस. तू आकडा सांगितलास की मला तोच दिसायला लागतो."

खाली कुणीतरी खिडकी ओढून घेतली. तिनं पुन्हा गुरूवर नजर रोवली आणि तो गेला, आणि ती त्या रिकाम्या जागेच्या कडेकडेनं, घाई न करता, एकेक बोट पुढे सरकू लागली.